बिघाडाची कोरी वही

मावशीने शेअरबाजारात कधी हात पोळून घेतले नव्हते, कारण ती पक्की संशयी होती. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय राहत नाही. रंगाच्या कंपनीत पैसे टाकायच्या आधी तिने तीन रंगाऱ्यांना गाठून पिडलं होतं. औषधाच्या कंपनीसाठी ती एका दुकानात इतका वेळ उभी राहिली, की दुकानदाराने शेवटी स्टूल आणून दिलं.

या वेळी सांगणारा घरचाच होता. तिच्या बहिणीचा मुलगा. लहानपणी त्याने घरातलं एक घड्याळ धड ठेवलं नाही, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. आता तो वैमानिकांच्या प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटरची, म्हणजे सरावासाठीच्या नकली विमानाची, देखभाल करायचा. जो तो नवी विमानं मागवतोय, चालवायला माणसं नाहीत, आणि सिम्युलेटरवर घाम गाळल्याशिवाय कुणाला वैमानिक होता येत नाही. तेव्हा केंद्र चालवणाऱ्या कंपनीचा शेअर आत्ताच घ्यावा, असं त्याचं म्हणणं. त्याने स्वतःचे पैसे टाकले होते, आईचेही टाकले होते. मावशीकडे होते ते गुडघे बदलून घ्यायला ठेवलेले.

"बरं," मावशी म्हणाली, "आधी तुझं यंत्र दाखव."

सहा जाड पायांवर उभी असलेली पांढरी खोली, असं ते यंत्र होतं. आतून एक शिकाऊ वैमानिक मुलगी मान पुसत उतरली. मावशीने तिलाच धरलं. "कसं काय आहे गं हे?"

"छान आहे, काकू. फक्त ब्रेक लावताना उजवा पाय जरा जास्त दाबायचा, नाहीतर विमान डावीकडे ओढतं. होते सवय दोन दिवसांत."

मग मावशी कुरकुरत्या गुडघ्यांनी वर चढली. मिस्त्रीने तिला डावीकडच्या खुर्चीत बसवून विमान उडवलं आणि उतरवलं. धावपट्टी अंगावर आली तेव्हा तिने पर्स घट्ट धरली. मजा आली, हे तिने लगेच कबूल केलं.

खाली तंत्रज्ञांच्या खोलीत टेबलावर बिघाडाची वही होती. मावशीने ती मागून उघडली; मुलांच्या वह्या ती अशाच तपासायची. 'बिघाड नाही.' आदल्या पानावरही तेच. एक्क्याण्णव दिवस तेच, एकाच पेनाने.

"मिस्त्री, तो ब्रेक?"

तो जरा ओशाळला. शंभर दिवस बिघाड नाही झाला तर सगळ्यांना बोनस मिळणार होता. साहेबांनी दारात आकड्याचा फळा लावला होता. त्यामुळे बारीकसारीक गोष्टी एकमेकांना तोंडीच सांगायच्या, अशी पद्धत पडली होती. "नऊ दिवस राहिलेत, मावशी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि मूठ उघडून न बघता मी त्यात माझे गुडघे टाकू?"

तो हसला. मावशी हसली नाही. "माझ्या वर्गात एक मुलगी सात आठे चोपन्न म्हणायची. डोक्यात बसलं ते बसलं. परवा बँकेत भेटली, आता नातवंडं आहेत तिला, तरी चोपन्नच म्हणते. मघाची ती पोरगी उद्या खऱ्या विमानात कुठला पाय जास्त दाबेल?"

मिस्त्रीने वही स्वतःकडे ओढली. त्याने आजवर फक्त पेडल पाहिलं होतं, त्यावरचा पाय त्याच्या ध्यानातच आला नव्हता. "लिहिलं तर मशीन बंद ठेवावं लागेल," तो हळूच म्हणाला. "सगळ्यांचा बोनस बुडेल. शेअर पडला तर आईचे पैसे..."

"हो," मावशी म्हणाली. लिही असं काही ती म्हणाली नाही. पर्स उचलली आणि बसने घरी गेली.

तीन दिवस तिने फोन केला नाही, आणि तिन्ही दिवस तिचं कशात लक्ष लागलं नाही. याला पाढे तिनेच शिकवले होते. पोरगं लबाड निघालं तर काय करायचं, या विचाराने तिला गुडघ्यांपेक्षा जास्त हैराण केलं.

चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला. "लिहिलं."

"वाचून दाखव."

त्याने वर्गात उभं राहून वाचावं तसं वाचलं. "उजव्या ब्रेकचं पेडल मऊ. एक्कावन्न दिवसांपासून. मला माहीत होतं, नोंद केली नाही. या काळात शिकलेल्या अकरा जणांना पुन्हा एकेक तास द्यावा."

मावशीने चष्मा काढून पुसला. पोराचा तिला फार अभिमान वाटला, पण फोनवर ती एवढंच म्हणाली, "पुढे काय लिहिलंय?"

"पुढे काही नाही. मशीन दोन दिवस बंद होतं, आता सुरू झालंय. अकरा जणांना बोलावलंय. पण बोनस बुडाला, त्यामुळे माझ्याशी कुणी बोलत नाही."

"मग थांबू आपण. बाकीचे लिहितात का ते बघू."

त्यानंतर दर शुक्रवारी ती फोन करून वही वाचून घ्यायची. पहिल्या शुक्रवारी काही नाही. दुसऱ्या शुक्रवारी एक नोंद, तीही मिस्त्रीचीच. शेअर मधल्या मधे चार टक्के उतरला होता, कशाने ते बाजारालाच ठाऊक. तिसऱ्या शुक्रवारी मिस्त्रीचा आवाज बदललेला होता. सात नोंदी, चार वेगवेगळी अक्षरं. एक तर खुद्द साहेबांची होती: डावी खुर्ची मागे सरकताना अडते.

"अडते खरी," मावशी म्हणाली. "मीही बसले होते."

सोमवारी तिने शेअर घेतले आणि संध्याकाळी मिस्त्रीला कळवलं. तो हबकला. "आणि गुडघे गं?"

"एकाचं ऑपरेशन ठरवलंय. दुसऱ्याचे पैसे तुमच्या कंपनीत टाकले. तो दुखायला लागला की मी वही बघायला येणार."

"ये," मिस्त्री म्हणाला, आणि पुढच्या शुक्रवारी तिच्या आधी त्यानेच फोन केला.