स्वेटरकाकांचा पहिला उन्हाळा

भर उन्हाळ्यात बगलेत स्वेटर मारून कामाला जाणारा माणूस आमच्या गल्लीत एकच. पोरं त्याला स्वेटरकाका म्हणायची, पुढे पोरांचे बापही तेच म्हणू लागले. काका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. चहूकडे बटाट्यांची पोती, सफरचंदांची खोकी आणि मधोमध कानटोपी घातलेले काका. उजाडायच्या आत जायचं, अंधार पडल्यावर यायचं. उन्हाळा हाच तिथला हंगाम, म्हणून त्या दिवसांत सुट्टीचं नाव नाही. अशी तीस वर्षं गेली. देवाने चराचराला ताप वाटला, त्यात काकांच्या वाट्याचा तेवढा द्यायचा राहून गेला होता.

थंडी सरता सरता काका निवृत्त झाले. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बजावलं, "आता हे गार-गरम, गार-गरम बंद. छाती म्हणजे पोतं नव्हे, फाटलं की शिवलं!"

आणि उन्हाळा आला. अजून नुसता उंबऱ्यावर आला होता, पण काकांची दाणादाण उडाली. दुपारी दाराची कडी काढायला गेले आणि किंचाळलेच.

"अगं, कडी चटकली!"

"चटकणारच. फडक्याने धरायची," काकू आतून म्हणाल्या.

"नळालाही कढत पाणी येतंय."

"टाकी तापते."

"रोज?"

"नाही, आज तुमच्या स्वागताला."

समोरच्या शिंप्याने तर मशीन थांबवून विचारलं, "काय काका, झाली का उन्हाळ्याशी ओळख? हा नुसता धाकटा भाऊ बरं का. थोरला यायचाय अजून!"

काका हसले, पण आतून खचले. ओला पंचा अंगावर घेऊन पडायचे, तो सुकला की पुन्हा भिजवायचे. तोंडाला चव नाही, दुपारी डोळ्याला डोळा नाही. माणूस म्हातारा झाला की झाड होतो, असं म्हणतात. तीस वर्षं सावलीत वाढलेलं हे झाड आता उन्हात आणून लावलं होतं.

अशात मॅनेजरचा फोन आला. "काका, नवी पोरं टिकत नाहीत हो. हंगामापुरते या. उद्या सकाळी गाडी पाठवतो. संध्याकाळपर्यंत काय ते कळवा."

काकांचा चेहरा असा खुलला, की आंधळ्यालाही दिसावा. काकूंनी तो पाहिला आणि भाजीची टोपली उचलून त्या आत गेल्या.

"डॉक्टर काय म्हणाले, ते लक्षात आहे ना?" एवढंच विचारलं.

"डॉक्टरांना काय जातंय! इथे मी भाजून निघतोय. स्वेटर कुठे ठेवलायस?"

"ट्रंकेत, तळाशी. तुम्हीच काढा. माझे हात गुंतलेत."

जागेअभावी ट्रंक स्वयंपाकघरात, ओट्याला खेटून. काका तिच्यापुढे मांडी घालून बसले. दोन्ही शेगड्या पेटलेल्या. एकीवर भात रटरटत होता, दुसरीवर काकू भाजी परतत होत्या. वर पत्रा. काकांनी एक चादर काढली, एक शाल काढली, आणि त्यांच्या डोळ्यांत घाम उतरला.

"अगं, पंखा लाव की!"

"लावला की गॅस विझतो."

काका थबकले. "मग?"

"मग काय? नाही लावत."

काकांनी मान वर केली. काकूंच्या मानेवर घामोळं लालभडक फुललं होतं, पार पाठीपर्यंत. खिडकीच्या गजावर एक ओलं फडकं टाकलेलं होतं. परतता परतता त्या नकळत मागे हात करायच्या, फडकं मानेवर दाबायच्या, पुन्हा गजावर टाकायच्या. तो हात इतका सरावाचा होता, की काकांना पाहवेना.

"दर उन्हाळ्यात असंच?"

"उन्हाळा काय दर वर्षी निराळा येतो?"

"मग कधी बोलली नाहीस ती!"

"बोलले होते. नवी नवी होते तेव्हा. तुम्ही म्हणालात, तुझं बरंय बाई, उबेत असतेस. माझी तिकडे बोटं बधिर होतात." काकू हसल्याच. "खरंच होती हो बधिर. रात्री मीच चोळून द्यायचे."

काकांना यातलं काही आठवेना. हाताला स्वेटर लागला होता. तो त्यांनी ओढून काढला नाही. शाल आणि चादर पुन्हा वर रचली, झाकण लावलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

"सर बाजूला. दे तो झारा."

"अहो, करपेल!"

"करपू दे. तू जा बाहेर, पंख्याखाली बस."

"इश्श! आणि करू काय तिथे?"

"मी तरी काय करतो? तेच कर."

काकू जाऊन बसल्या खऱ्या, पण भर दुपारी पंख्याखाली बसायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. एकदा उठून चपला सारख्या केल्या. एकदा दारातून डोकावल्या, तर काकांनी झारा उगारला. शेवटी भिंतीला टेकल्या. पदराने मान पुसली, वारा लागला, आणि बसल्या बसल्या डोळा लागला.

भाजी करपली. भात खाली लागला. काकांची छाती धपापली, बनियन पिळून काढण्याजोगं झालं. शेगड्या बंद करून ते ओट्याला धरून उभे होते, तेवढ्यात फोन वाजला. काकूंना जाग येऊ नये म्हणून ते तोंडाजवळ हात धरून बोलले.

"नाही जमणार, साहेब. माझी बदली झाली."

"बदली? निवृत्त माणसाची? कुठे?"

"आत. स्वयंपाकघरात."

मॅनेजर खो खो हसला. "थट्टा पुरे काका. सकाळी गाडी पाठवू ना?"

"नका पाठवू," काका म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढून ती धुक्यासारखी गार हवा, ओळीने लावलेली पोती, सगळं एकदा सरकून गेलं. "पोरांना सांगा, दार उघडल्या उघडल्या पळत आत शिरू नका म्हणावं. छाती भरते."

फोन ठेवून वळतात, तर काकू दारात.

"माझ्यासाठी म्हणून नको हं."

"तुझ्यासाठी कुठे? डॉक्टरांसाठी."

"मघाशी डॉक्टर कोण लागत होते तुमचे!" म्हणत काकूंनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "देवा! उद्यापासून हेच खायचं का?"

"उद्यापासून पहाटे चूल. ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं. मला उठायची सवय आहेच."

"आणि चिरणार कोण?"

"मी. तू फक्त सांग, कांदा आधी की मीठ."

"तेल आधी, अहो. तेल!" काकू म्हणाल्या, आणि वरची भाजी काकांच्या ताटात वाढून करपलेली आपल्या ताटात घेऊ लागल्या. काकांनी ताटं बदलली.