विहीणबाईंचं ताक

सुनेच्या माहेरची माणसं पहिल्यांदाच मार्गासनीला यायची होती आणि बाळाबाईंनी हिंदीचा ध्यास घेतला होता. लग्नात त्या भाषेपायी गप्प बसल्या, तर उत्तर प्रदेशातल्या त्या मंडळींनी त्यांना शिष्ट ठरवलं. जन्मात त्यांना कुणी शिष्ट म्हटलं नव्हतं. ते फार लागलं. या खेपेला विहिणीला पोटभर जेवू घालायचं आणि तोंडभर बोलायचं, असा त्यांनी चंगच बांधला.

शिकवायला सून शेफाली होतीच. "आई, हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न."

"मंग तुमच्यात मास्तर पोरास्नी शिक्षा देत्यात आन् पोरं चेष्टा करत्यात? आमच्या साळंत बी ह्येच व्हतं की!"

सगळ्यात घोळ ताकाचा. तिकडे 'ताकना' म्हणजे टक लावून बघणं. म्हणून पाहुण्यांना ताक नाही, 'छाछ' द्यायची. बाळाबाई भाकरी थापताना छाछ-छाछ घोकत आणि नवरा आनंदराव विचारत, "मांजर हाकलतीस का?"

त्या दिवशी शेफाली आणि तिचा नवरा स्वरूप मिठाई आणायला नसरापूरला गेले आणि तिथंच त्यांची मोटरसायकल पंक्चर झाली. इकडे पाहुण्यांची गाडी दारात हजर! बाळाबाईंनी पदर सारखा केला.

"आइए! नीचे मत बैठिए, कुर्सी खाली है!"

वाक्य बिनचूक गेलं. पाहुणे हसून बसले. बाळाबाईंनी पाणी पुढं केलं, त्यांनी हात जोडले. चहा आणला, पुन्हा हात जोडले. "छाछ लीजिए" म्हटल्यावर विहीणबाईंनी तांब्याकडं पाहिलं, आवंढा गिळला आणि हात जोडले. "खाने की चेष्टा कीजिए!" यावर तर व्याही दचकलेच. आनंदराव प्रत्येक वेळी आपले "अच्छा, अच्छा" म्हणत होते.

बाळाबाई स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसू लागल्या. कुठला तरी शब्द उलटा पडला आणि पाहुणे दुखावले, याची त्यांना खात्रीच पटली.

तेवढ्यात शेफाली आली. सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "शब्द नाही चुकला, आई! आमच्याकडे मुलीच्या सासरी आईवडील पाण्याचा घोटही घेत नाहीत. मला वाटलं, एवढ्या लांब आल्यावर ही रीत सोडतील."

"आन् ह्ये आदी सांगाया काय झालं व्हतं? छाछ तेवडी शिकीवलीस!" बाळाबाईंच्या जिवात जीव आला तसा आवाजही आला. "शेजारच्या गेनबाच्या घरी पानं मांडते. त्ये काय लेकीचं घर न्हाई."

शेफालीनं वडिलांना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. अख्खा गावच लेकीचं सासर.

"गाव कुठवर? शिवेपत्तुर ना?" बाळाबाई म्हणाल्या. "काढ म्हणावं गेनबाला टेम्पो!"

पातेली, भाकऱ्या, सतरंजी, व्याही, विहीण सगळं टेम्पोत चढलं. शिवेपलीकडं गेनबाच्या मेव्हण्याचं शेत होतं. व्याह्यांनी शिवेचा दगड स्वतः वाकून पाहिला, त्याच्या पार पलीकडं गेले आणि आंब्याखाली मांडी घालून असे जेवायला बसले, की आनंदरावांचं "अच्छा" घशातच राहिलं.

बाळाबाई वाढत होत्या. भीतीनं तोंड उघडत नव्हत्या. बरं चाललेलं पुन्हा बिघडायला नको. विहीणबाईंनी वाटी पुढं केली आणि लाजत, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाल्या, "विहीणबाई, ताक वाढा."

शेफाली थक्क होऊन आपल्या आईकडं बघत राहिली. आईनं हिंदीत तिला काहीतरी सांगितलं.

"आई," शेफाली सासूकडं वळली, "लग्नात तुमच्याशी बोलता आलं नाही म्हणून माझी आई मोबाईलवर मराठी शिकली. सकाळपासून हे वाक्य तिच्या ओठांवर होतं. पण लेकीच्या घरी मागायचं कसं?"

बाळाबाईंना उत्तर द्यायचं होतं. छाछ, शिक्षा, चेष्टा, एकही शब्द आठवेना. त्या ताक वाढत राहिल्या. वाटी भरली, ताटात सांडलं, ताटातून सतरंजीवर आलं, आणि विहीणबाई हसत वाटी तशीच धरून बसल्या.