पंखाचं पंक्चर

“खरवडू नका, मावशी! आधी भिजू द्या.”

आल्हादने सकाळपासून हे इतक्यांदा सांगितलं होतं की सरस्वतीबाईंना ते पाठ झालं होतं. पण हात ऐकत नव्हते. जन्मभर करपलेली पातेली घासलेल्या हातांना घासायचं नाही, नुसती वाट पाहायची, हे पटणार कसं? ॲसिटोनमध्ये भिजवलेली चिंधी पंखाच्या लाकडी फासळीवर ठेवायची, वरून प्लास्टिकचा कागद झाकायचा आणि जुना गोंद मऊ होईपर्यंत गप्प बसायचं. मग तो बोथट पट्टीने अलगद उचलायचा. लाकडाला ओरखडा गेला की ती फासळी बाद.

जानेफळच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये ते विमान मांडलं होतं. जेमतेम दोन माणसं बसतील एवढं, फार जुनं. लाकडाचे पंख आणि त्यावर चिकटवलेलं कापड. कापड आल्हादने आधीच सोलून काढलं होतं. आता उघड्या फासळ्यांवरचा पिवळा, कडक झालेला गोंद तेवढा काढायचा होता. तो कणभर राहिला तरी नवं कापड नीट धरत नाही म्हणे.

कामाला चार बायका आल्या होत्या. तिघी पहिल्याच दिवशी ॲसिटोनच्या वासाने डोकं धरून गेल्या. सरस्वतीबाई मात्र रोज येत होत्या, आणि रोज डाव्या पंखाच्याच टोकाकडे बसत होत्या. आल्हादला वाटलं, तिकडे वारा येतो म्हणून असेल. खरी गोष्ट अशी की त्या गोंद काढायला आल्याच नव्हत्या. त्या नवऱ्याची एक खूण शोधायला आल्या होत्या.

हेच विमान, आल्हादचे वडील नीळकंठ गुरुजी शाळकरी असताना, जानेफळच्या शिवारात पीक निघालेल्या एका वावरात उतरलं होतं. इंजिन बिघडलेलं, आणि उतरताना बाभळीच्या फांदीने डावा पंख फाटलेला. गुरुजींनी ती हकिगत मुलाला इतकी रंगवून सांगितली की पोरगं विमानांच्याच नादाला लागलं, इंजिनिअर झालं, आणि शेवटी कुठल्याशा फ्लाइंग क्लबच्या अडगळीतून नेमकं तेच विमान हुडकून पुन्हा उडवायला गावात घेऊन आलं.

विमान उतरलेलं साऱ्या गावाने पाहिलं होतं. पण पोलिसांनी गावाला बांधाच्या पलीकडेच अडवलं. जीपमधून एक मेकॅनिक आला, आणि दुसऱ्या दिवशी विमान उडालं. गावाने मेकॅनिकचे गोडवे गायले. आणि सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा कडूबा, म्हणजे सरस्वतीबाईंचा नवरा, सांगत सुटला, “इंजन त्यानं केलं. पंख म्या केला. भल्या पहाटे तोच मले दुकानातून घेऊन गेला.”

कोण विश्वास ठेवणार? सरस्वतीबाईही तेव्हा माहेरी होत्या. मेकॅनिक गेला तो गेलाच. पहाऱ्यावरचा शिपाई परगावचा. त्या दिवसापासून कडूबाचं नाव पडलं ‘पायलट’. पायलट, जरा हवा भर बे. पायलट, आज विमान कुठी उतरवलं? गोकुळ शाळेत जायला लागला तेव्हा तो ‘पायलटचं पोट्टं’ झाला आणि मारामाऱ्या करून फाटक्या शर्टाने घरी येऊ लागला. कडूबा गेला तेव्हा मसणवट्यातही कुणीतरी हळूच म्हणालं, “पायलट उडाला.” दोघं-तिघं हसले. गोकुळने ते ऐकलं आणि मान खाली घातली.

पण सरस्वतीबाईंना टोचत होतं ते दुसरंच. एका लग्नाच्या मांडवात कडूबाने पुन्हा पंखाची गोष्ट काढली, तेव्हा चारचौघांत त्याच म्हणाल्या होत्या, “बस करा ना आता. लाज नाई वाटत?” कडूबा त्यांच्याकडे बघतच राहिला. गावाच्या हसण्याने न थांबलेला माणूस बायकोच्या एका वाक्याने थांबला. मरेपर्यंत त्याने विमानाचं नाव काढलं नाही. विमान परत आलंय हे कळल्यावर त्या कामाला आल्या. खरं होतं की खोटं, एवढंच एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

दुपारी आल्हादने डाव्या टोकाकडची चिंधी उचलली आणि तो थबकला.

“हे काय? बाकी सगळं सुटलं, हा तुकडा तसाच.”

इतर ठिकाणी गोंदाची खीर झाली होती. इथे मात्र तळहाताएवढा तपकिरी, चिवट थर होता. आल्हादने नखाने टोचून पाहिलं, नाक जवळ नेलं, मग चिंधीचा बोळा पेट्रोलमध्ये बुडवून कडेला घासला. कड लगेच मऊ पडली.

“रबर सोल्युशन! अहो मावशी, पंक्चरचं सोल्युशन आहे हे! विमानाच्या पंखाला!” तो आधी हसला आणि मग एकदम तापला. “कोण गाढव होता हा? उन्हात हे पाघळतं. कापडाबरोबर आता निघालं ते ठिगळ तेव्हा हवेत सुटलं असतं तर तो पायलट जागच्या जागी खलास!”

सरस्वतीबाई उठून जवळ आल्या. चष्मा पदराने पुसून त्यांनी वाकून पाहिलं. थराच्या कडेला एक अंगठा उमटला होता. रुंद, चपटा, आणि मधोमध तिरका चिरलेला.

लग्नानंतरच्या पहिल्याच साली कडूबाचा अंगठा सायकलच्या चेनमध्ये सापडला होता. भरल्यावरही ती चीर गेली नाही. सोल्युशन लावलं की ते सुकलं का हे तो तोच अंगठा कडेला टेकवून बघायचा, आणि मगच ठिगळ बसवायचा. दुकानातल्या प्रत्येक ट्यूबवर तो अंगठा असायचा.

त्यांना हसावं की रडावं कळेना. माणूस खरा निघाला, आणि खरा निघाला त्याच घडीला गाढव ठरला.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “तो गाढव माहा मालक होता.”

आल्हादचा चेहरा पडला. “मावशी, मला माहीत नव्हतं... चुकलं माझं.”

“तुमचं काय चुकलं? खरंच बोलले तुम्ही. त्याले पंक्चरच येत होतं, त्यानं पंक्चरच काढलं.” मग घाबरत घाबरत विचारलं, “पर मले सांगा, तो उडवनारा पोचला होता ना जिता?”

“पोचला तर. म्हातारा होऊन गेला. पण इथून गेल्यावर हे विमान पुन्हा उडालंच नाही, नुसतं पडून राहिलं. म्हणून तर ही खूण राहिली.”

बाईंनी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी कनवटीचा मोबाइल काढून गोकुळला फोन लावला. गोकुळचं बसस्टँडवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं.

“गोकुळ, जरा शेडवर ये ना बाप्पा. एक चीज दाखवाची हाय.”

“आई, गिऱ्हाईक हाय. अन् मले त्या विमानाचं काही दाखवू नको. आधीच लोक विचारून राह्यले, तुही माय काऊन जाते तिथी म्हणून. संध्याकाळी न्यायले येतो.” फोन बंद.

आल्हादने फोटो काढून दिला. मोबाइलवर नुसता तपकिरी डाग दिसत होता. त्याने उजेड बदलून पाहिला, कोन बदलून पाहिला. डागाचा अंगठा काही होईना.

“मावशी, उद्या कापड चढवायचं आहे. पण तुम्ही म्हणाल तर दोन दिवस थांबतो. गावाला बोलवा. पाहू दे सगळ्यांना.”

गाव! सरस्वतीबाईंना डोळ्यांसमोर गाव दिसलं. मसणवट्यात हसलेले आज इथे येऊन वाकवाकून बघतील, आणि उद्या चहाच्या टपरीवर नवं हसू सुरू होईल. पायलटनं विमानाले पंक्चर लावलं बे! शिवाय दोन दिवसांनी का होईना, तो थर निघणारच होता. आणि कडूबाने गावाची काळजी कधी केली होती? तो गप्प बसला तो एकाच माणसामुळे. त्या माणसाने तर पाहिलं होतं.

“नाई भाऊ. त्याच्या हातानं एक मानूस सुखरूप गेला, तेवढं बस झालं. आता त्याच्यापायी तुम्ही हे उडवताना कायले पडता? द्या तो बोळा इकडे.”

“मी काढतो ना.”

“नाई. मीच काढतो.”

त्यांनी बोळा पेट्रोलमध्ये भिजवला. या खेपेला घाई केली नाही. आधी सगळा थर भिजवला आणि अंगठ्याची जागा शेवटपर्यंत कोरडी ठेवली. मग त्यावर आपला अंगठा हलकेच टेकवला. तो मोठ्या अंगठ्याच्या आत बसून वर जागा उरली. “चुकलं माहं,” त्या पुटपुटल्या. आल्हाद पलीकडे जाऊन उगाच डबे लावत बसला.

बोळा फिरला. तिरकी चीर आधी पुसट झाली, मग बाकीचं गेलं. खाली लाकूड निघालं, स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. आल्हादने बोटांनी चाचपून पाहिलं आणि पसंतीची मान हलवली.

संध्याकाळी गोकुळ शेडच्या फाटकाशी गाडी घेऊन आला. चेहरा त्रासलेलाच होता. आई मागे बसली, तशी त्याने किक मारली आणि एकदम थांबला. मान वळवून त्याने वास घेतला.

“आई, तुह्या हाताले काय लागलं वं?”

“काऊन?”

“बाबाच्या दुकानातला वास येऊन राह्यला. पेट्रोलचा अन् सुलोशनचा.”

सरस्वतीबाईंनी हातांकडे पाहिलं. नखांत अजून तपकिरी थर होता.

“पंख तुह्या बापानंच केला होता, गोकुळ.”

गाडी तशीच थरथरत उभी राहिली. मग गोकुळ म्हणाला, “काय दाखवत होती मले दुपारी?”

“तेच. आता नाई राह्यलं.”

त्याने शेडकडे पाहिलं. दार लागलं होतं. गाडी हळूहळू गावाकडे निघाली. सरस्वतीबाईंनी आधारासाठी नेहमीसारखा मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि शर्टाला डाग पडेल म्हणून लगेच उचलला.

“राहू दे,” गोकुळ म्हणाला.