भिंतीकडे तोंड

खिडकीतलं रोप उजेडाकडे वाकतं, म्हणून मी दर रविवारी कुंडी फिरवते. आठवड्याभरात ते पुन्हा काचेकडे वाकलेलं असतं. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचा पलंगही मी त्याच खिडकीपाशी ओढला. निदान आभाळ तरी दिसेल! पण बघावं तेव्हा त्यांचं तोंड भिंतीकडे. मान खिडकीकडे वळवून मी चहा टाकायला जावं, तर परत येईपर्यंत पुन्हा भिंत.

"आयुष्यभर असेच रुसले माझ्यावर," सासूबाई म्हणाल्या आणि तरातरा पलीकडच्या खोलीत जाऊन शिवायला बसल्या.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांना आता काही कळत नाही. मला तर सगळ्यांचाच राग यायला लागला होता.

काल दुपारी चादर बदलून मी पुन्हा त्यांची मान खिडकीकडे केली. तेवढ्यात भिंतीपलीकडे सासूबाईंचं शिलाई मशीन सुरू झालं आणि मान हळूहळू भिंतीकडे वळू लागली. दोरा तुटला असावा, मशीन थांबलं. मानही अर्ध्यावर थांबली. मशीन पुन्हा घरघरलं, तशी ती पुढे सरकली आणि गाल उशीला टेकला.

मी तशीच पलीकडे गेले.

"आई, उठा. मशीन बाबांच्या खिडकीपाशी न्यायचंय."

"कशाला? मला इथला उजेड पुरतो."

"तुम्हाला पुरतो हो," मी म्हणाले. "त्यांना पुरत नाही."