आठ बोटांचं पोट

"दर दोन मिनिटांनी 'दुखतंय का' विचारून पोरीच्या मागे भुंगा लावू नकोस," सासूबाईंनी घरातून निघताना बजावलं होतं. सूनबाईंनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. एकुलत्या एका लेकीची आई ती. तिच्या जिवाला चैन कुठलं?

वॉर्डात ही लेक, लाडाची मुंगी, वय वर्षं सात, पोट धरून कण्हत होती. डॉक्टर तपासून, सांगून गेले होते, "सोनोग्राफीचा रिपोर्ट येईपर्यंत औषध नाही, खाणंपिणं नाही. अपेंडिक्स निघालं तर ऑपरेशन." एवढं ऐकूनच आईचं धाबं दणाणलं.

"दुखतंय का गं?"

"हो."

"आणि आता?"

"आई, तू विचारलंस की जास्तच दुखतं!"

तेवढ्यात सिस्टर आल्या. ठेंगण्याठुसक्या, आवाजाने खणखणीत. "किती दुखतंय, बोटांनी दाखव बघू." दहातली आठ बोटं वर झाली. सिस्टरनी आधी लेगिंगचं घट्ट इलॅस्टिक सैल केलं, गुडघ्यांखाली ब्लँकेटची गुंडाळी सरकवली, खाटेची डोक्याकडची बाजू उचलली. आईने लगबगीने गरम पाण्याची पिशवी पुढे केली.

"ती ठेवा आत. कारण कळेपर्यंत शेक नाही की चोळणं नाही."

मग त्यांनी दोऱ्याला कापसाचा पुंजका बांधून मुंगीच्या नाकासमोर धरला. "फुंकर अशी, की हा डुलला पाहिजे, उडाला नाही पाहिजे. लांबच लांब... शाब्बास! आईसाहेब, दोरा तुम्ही धरा. तोंडाला कुलूप. बोटं मीच विचारीन, अर्ध्या तासाने."

आईने दोरा धरला, तसा पुंजका फुंकर न मारताच डुलू लागला.

"आई, हलवू नकोस ना, चीटिंग होतंय!"

आईनेही मग सावकाश श्वास घेतला, तेव्हा कुठे दोरा थांबला. प्रश्न जिभेवर आला की ती गिळून टाकी.

अर्ध्या तासाने पाच बोटं. पुढच्या खेपेला तीन. आणि फुंकर अगदी रंगात आली असताना मुंगीच्या बुडाखालून असा काही दणदणीत आवाज निघाला, की शेजारच्या खाटेवरच्या आजी दचकून उठून बसल्या.

"अगं बाई, काय कोसळलं?"

"काही नाही आजी," सिस्टर म्हणाल्या, "मुंगीच्या पोटातला हत्ती बाहेर पडला."

सगळा वॉर्ड खो खो हसत सुटला. सगळ्यात मोठ्याने मुंगी. बाथरूमची फेरी झाली, जेमतेम एक बोट उरलं. रिपोर्ट घेऊन आलेले डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स ठणठणीत! पोट साफ नव्हतं, त्याचा हा गॅस." आईने मुंगीच्या गालांचे इतके मुके घेतले की पोरगी "पुरे!" म्हणून ओरडली.

तुमच्याही घरात कोणी "काही नाही, जरा पोट दुखतंय" म्हणत भिंतीकडे तोंड करून पडलं असेल. वाचणं राहू द्या. आधी जाऊन बघून या.