मशालवाल्याचं तोंड

त्रिंबक वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होता आणि गणपतीत हलते देखावे करायचा. मोटरीवर राक्षसाची मान अशी डोलवायचा, की पोरं आईच्या पदराआड लपायची. म्हणून आप्पासाहेबांनी त्यालाच बोलावलं.

आप्पासाहेब देवगाव रंगारीकडचे बडे जमीनदार, आता कारखानदार. विद्यापीठाचं नाव बदललं त्या वर्षी त्यांना साक्षात्कार झाला, की आपण जन्मभर नामांतराच्याच बाजूनं होतो. लगोलग त्यांनी उस्मानपुऱ्यात स्वतःच्या हयातीतच स्वतःचं संग्रहालय काढलं. बटण दाबलं की पुतळे हलणार आणि साहेबांचं आयुष्य उलगडणार. बालपण, शेती, कारखाना आणि शेवटी नामांतराची दंगल.

"दंगलीत वस्तीतली माणसं मी मेंढवाड्यात लपवली. दारात उभा राह्यलो. असं दाखव," आप्पासाहेब म्हणाले. "अंगावर घोंगडं पायजे. जुनं आण, खरं वाटलं पायजे."

या गृहस्थानं मेंढी पाहिली होती ती फक्त ताटात! त्रिंबकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दलितवस्तीतली माणसं मेंढरांत लपवली होती त्याच्या बापानं, धोंडिबा धनगरानं. मेंढवाड्याला मशाल लावली होती ती याच आप्पासाहेबांनी. माणसं मागचं कुंपण मोडून निसटली, पण दार अडवून उभा धोंडिबा भाजला, तो पुन्हा उठला नाही. साक्ष द्यायला कुणी धजावलं नाही. आता बापाचा जीव तर घेतलाच होता, त्याची करणीही हा आपल्या नावावर करून घेत होता. धनगराचं पोरगं मात्र त्याच्या लक्षातही नव्हतं.

"आन् मशालवाल्यांची तोंडं दिसू देऊ नको," आप्पासाहेब म्हणाले. "पाठमोरे ठेव. आपल्याच गावची माणसं हायेत."

"जी," त्रिंबक म्हणाला आणि पुतळ्याचा साचा घ्यायला आप्पासाहेबांच्या तोंडाला प्लॅस्टर लावू लागला. साचा एकदा हातात आला, की तोंडं हवी तेवढी काढता येतात.

घरी त्यानं आईकडं, बानाबाईकडं बापाचं अर्धं जळालेलं घोंगडं मागितलं. ते ती कुणाला शिवू देत नसे.

"त्या मुडद्याच्या अंगावर घालतो व्हय?"

"बाच्याच अंगावर घालतो, आये."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग घोंगडं घेऊन त्याच्यासोबत आली आणि ओल्या मातीच्या मुखवट्यासमोर फतकल मारून बसली.

"नाक बसकं कर. आन् हसू ठेवू नको. ते लई हसत नव्हते."

आप्पासाहेबांनी चाचणी पाहिली तेव्हा पुतळ्याचा चेहरा घोंगड्याच्या खोळीत झाकलेला होता आणि मशालवाला पाठमोरा. त्याच्या पायाखालच्या फिरत्या चकतीची खीळ त्रिंबकनं अजून काढलीच नव्हती. साहेब खूश झाले.

उद्घाटनाला त्यांनी वस्तीतली माणसं मुद्दाम गाडीनं आणवली आणि पुढं बसवली. त्यांत म्हातारी सरूबाई होती, त्या मेंढवाड्यातून जीव घेऊन निसटलेली. हार गळ्यात घालून साहेबांनी स्वतः बटण दाबलं.

देखाव्यातलं दार उघडलं. पुतळ्यानं हात आडवा केला तशी खोळ घसरली आणि धोंडिबा लोकांकडं बघू लागला. सरूबाईनं तोंडाला पदर लावला. तेवढ्यात मशालवाला हळूहळू वळला. तीच मिशी, तोच सोनेरी चष्मा, तीच गालावरची चामखीळ.

"बंद करा!" आप्पासाहेब ओरडले. कुणीतरी धावत जाऊन वायर उपटली. मोटर थांबली आणि मशालवाला लोकांकडं तोंड करूनच उभा राहिला. आता तो वळेना.

सरूबाई काठी टेकत उठली. "व्हय, हाच व्हता! आन् दारातला त्यो आमचा धोंडिबा!"

आप्पासाहेबांनी गर्दीत त्रिंबकला शोधलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला नीट पाहिलं.

"कोणाचा रं तू?"

हाच प्रश्न ऐकायला त्रिंबक जन्मभर थांबला होता. त्यानं घोंगडं पांघरलेल्या पुतळ्याकडं बोट केलं.

"त्यांचा."