खंडेनवमीला बंद ठरलेला सूक्ष्मदर्शक

साहेब, मला एकदाही न चालवता तुम्ही माझ्या नावापुढे ‘बंद, भंगारात काढावे’ असं लिहिलंत. तुमची नजर माझ्या झेंडूच्या माळेपलीकडे गेलीच नाही.

मित्रांनो, मी कोल्हापूरच्या एका कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक. जिवंत पेशी किती मऊ, किती ताठर, हे मी मोजतो. १९९६ साली इथे शिकवणाऱ्या सौंदर्यामॅडमनी मला अडगळीतून उचललं. उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या कृष्णातनं मला बिडाचा जाड पाया दिला, उसाचा ट्रक गेला तरी हलू नये म्हणून. शेजारी पाण्याची बाटली स्क्रूवर बसवली. मॅडम ज्योतीवर काच ओढून केसाहून बारीक नळी करत आणि ती बाटलीला जोडत. बाटली जराशी खाली घेतली की नळी पेशीला ओढते, पेशी आत जीभ काढते. मऊ पेशी चटकन, ताठर पेशी हट्टानं. पुण्याहून आलेले एक प्राध्यापक तो स्क्रू फिरवत तासभर जागचे हलले नाहीत.

२००३ साली मॅडमनी रक्तपेढीतलं साठवलेलं रक्त घेतलं. अंगातल्या काही रक्तवाहिन्या लाल पेशीहूनही अरुंद असतात, तिला दुमडून जावं लागतं. पिशवीत ती किती ताठर होत जाते, हे पाच आठवडे मोजायचं. एक आठवडा हुकला तर सगळं मुळापासून.

चार आठवडे होत आले आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात, चालवत नाहीत. मॅडमनी चौथी मोजणी आदल्या दिवशीच उरकली. कृष्णातनं मला हळदकुंकू लावलं, माळ घातली. नारळ बाहेर फोडला, मला हादरा सोसत नाही. नेमके तेव्हाच तुम्ही कॉलेजातल्या जुन्या यंत्रांच्या तपासणीला आलात. चालवून दाखवा म्हणालात.

“आज न्हाय, पावणं,” कृष्णात म्हणाला. “वर्षभर राबतोय, आज सुट्टी हाय त्याची. परवा या, जिवंत पेशी दावतो की.”

“सुट्टी माणसाला असते,” तुम्ही म्हणालात. मॅडमनी आकड्यांची वही पुढे केली, ती तुम्ही उघडलीसुद्धा नाही.

आज टेम्पो दारात आहे. कृष्णात स्वतःलाच बोल लावतोय.

“मीच आडवा बोललो, मॅडम. माळ काढली असती तर काय बिघडत हुतं?”

“माळ काढायची नव्हती,” मॅडम म्हणाल्या. “त्यांनी परवा यायचं होतं.”

मित्रांनो, जुन्या वस्तूला टाकण्याआधी एकदा चालवून बघा. पुसून ठेवा. ती गप्प आहे म्हणून मेलेली समजू नका.

आणि साहेब, पाचव्या आठवड्याची पिशवी रक्तपेढीत तयार आहे. तसलं रक्त उद्या कुणाच्या तरी अंगात चढणार. त्यातल्या पेशी वाकून जातील की अडकतील, हे आता कोण मोजणार? टेम्पो हलायच्या आत सांगा.